वणवा विझवणारे हात कुणाचे?

(माणगाव येथे कार्यकर्ते व नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



होळी जवळ आली की माणगावच्या आसपासच्या डोंगरांवर रात्री एक तांबडी रेघ दिसू लागते. कधी ताम्हिणीच्या वाटेवर, कधी निजामपूरच्या वरच्या अंगाला, कधी तळा-इंदापूरच्या टेकड्यांवर. महामार्गावरून जाणारा प्रवासी गाडीच्या काचेतून ती पाहतो, मुले कौतुकाने बोट दाखवतात आणि गाडी पुढे निघून जाते. सकाळी तो डोंगर काळाठिक्कर पडलेला असतो. पुढे जूनमध्ये पाऊस कोसळू लागला की त्या उघड्या उतारावरची माती ओढ्यांवाटे काळ नदीत उतरते आणि खाडीकडे निघून जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल महिन्यात वाडीवरच्या बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी तिष्ठत बसतात, याचे कारण आभाळात नाही. ते त्या काळ्या डोंगरावर आहे.

आजचा विषय आहे, वनांचे शाश्वत व्यवस्थापन करण्याचे कौशल्य अंगी यावे म्हणून मिळणारे आंतरराष्ट्रीय साहाय्य. नाव ऐकताच हा विषय दिल्लीतील एखाद्या परिषदेचा वाटेल. माणगावशी त्याचा संबंध काय? संबंध त्या तांबड्या रेघेशीच आहे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची नोंद ठेवू लागली. त्यासाठी प्रारंभी वापरण्यात आलेली माहिती अमेरिकन उपग्रहांवरील उपकरणांची होती. आज कुठल्या नियतक्षेत्रात आग लागली आहे याचा इशारा वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचतो. अंतराळातील डोळा अमेरिकेचा, गणित देहरादूनचे, संदेश माणगावात. व्यवस्था खरोखर थक्क करणारी आहे. परंतु संदेश आल्यानंतर डोंगर चढायचा कुणी? हिरव्या डहाळ्या तोडून ती आग झोडपायची कुणी? उपग्रह आग पाहू शकतो, विझवू शकत नाही. वन व्यवस्थापनाला बाहेरून मिळणाऱ्या साऱ्या मदतीचे मर्म आणि मर्यादा या एका प्रसंगात सामावलेली आहे.

परकीय शास्त्र, स्वकीय जंगल

कौशल्य बाहेरून आणण्याची कथा नवी नाही. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे वनसंरक्षकाचे पद देण्यात आले. पुढे १८६४ साली हिंदुस्थानच्या वन खात्याचे पहिले महानिरीक्षक म्हणून डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. इंग्रजांपाशी स्वतःचे वनशास्त्र नव्हते; त्यांनी आपले अधिकारी शिकण्यासाठी जर्मनी आणि फ्रान्सला धाडले. १८७८ साली देहरादूनला वनविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी वनांचा नवा कायदाही आला. झाडांची मोजणी करावी, त्यांची वाढ किती होते हे पाहावे, तेवढीच तोड करावी आणि पुढील अनेक वर्षांची कार्य आयोजना आधी कागदावर मांडावी, ही शिस्त त्या परंपरेने दिली. ती मोलाची होती आणि आजही आहे. जे चांगले त्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नाही.

पण त्या शास्त्राच्या हिशेबात एक रकाना कोराच राहिला, तो म्हणजे गाव. जंगल म्हणजे रेल्वेचे स्लीपर आणि जहाजाचे लाकूड पुरवणारे कोठार, आणि जंगलात राहणारा माणूस म्हणजे त्या कोठारातील चोर, अशी समजूत कायद्याच्या मुळाशी बसली. ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारली, मध काढला, हिरडा वेचला, त्याच डोंगरावर माणूस एका रात्रीत परका ठरला. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात जे आठ सत्याग्रही हुतात्मे झाले त्यांत नाग्या कातकरी हा तरुण होता. त्याच वर्षी जुलैमध्ये विदर्भात यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह करून डॉ. हेडगेवारांनी कारावास पत्करला आणि ते अकोल्याच्या कारागृहात गेले. गवताची पेंढी कापण्यासाठी लोक तुरुंगात का गेले, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. प्रश्न गवताचा नव्हता. आपल्या डोंगरावर आपला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न होता.

मग आपल्यापाशी काहीच शास्त्र नव्हते काय? रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अवश्य वाचावे. आरमारासाठी लाकूड कोठून आणि कसे आणावे हे सांगताना त्यात सागाची गोष्ट वेगळी ठेवली आहे आणि आंबा-फणसाची वेगळी. रयतेने लेकरासारखी जोपासलेली झाडे तोडू नयेत. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे. आरमाराची निकड होती, तरीही राज्याने रयतेच्या झाडाला हात घालण्यापूर्वी तिची संमती मागितली. वन व्यवस्थापनाच्या आधुनिक ग्रंथांत 'लोकसहभाग' हा शब्द अवतरण्यापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे ही आज्ञा कोकणच्या किनाऱ्याला लागू होती.

आणि देवराई? श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या काळकाईच्या देवराईची हकीकत अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेली आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी या देवराईतील झाडे तुटणार असे दिसू लागले, तेव्हा ग्रामस्थांनीच पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना साद घातली. देवीचा कोप होईल एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. राई गेली तर तिच्यातून निघणारा ओढा आटेल, हे ते सांगत होते. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने जगातील अभ्यासकांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. जलस्रोताचे संरक्षण हा शब्द गाणीच्या ग्रामस्थांना ठाऊक नसेल, त्यामागचे विज्ञान मात्र ठाऊक होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परंपरेचे गोडवे गाऊन स्वस्थ बसणे ही आत्मवंचना आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याकरिता ऐन आणि किंजळीची कवळ दरवर्षी ओरबाडून खोडाची खुंटे कुणी केली? आपणच. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतील वृक्ष विकले ते ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनीच. खासगी मालकीची रानेच्या राने कोळशाच्या भट्ट्यांसाठी ठेकेदाराला दिली, त्यावर सह्या आपल्याच माणसांच्या होत्या. पूर्वजांची पुण्याई वारशाने मिळते, शिस्त मिळत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.

मदत म्हणजे नेमके काय?

स्वातंत्र्यानंतर आलेल्या विदेशी साहाय्याकडे पाहताना पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती शब्दाची. ज्याला सर्रास 'मदत' म्हटले जाते त्यातील मोठा भाग कर्ज असतो. कर्ज सवलतीचे असेल, मुदत लांबची असेल, पण ते फेडावे लागते. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, त्याला अमेरिकेच्या यूएसएआयडी या संस्थेचे साहाय्य होते. १९९२ ते २००० या काळात राज्यात जागतिक बँक समूहाच्या सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जातून महाराष्ट्र वन प्रकल्प राबवला गेला. २००८ साली जपानने वन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी देशातील अनेक राज्यांना मिळून येनमध्ये कर्ज दिले.

या प्रकल्पांनी काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोपवाटिकांचे तंत्र सुधारले, नकाशे अचूक झाले, वनपाल-वनरक्षकांच्या हाती नवी साधने आली. याच काळात एक मोठा वैचारिक पालटही झाला. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने वनांवर अवलंबून असलेल्या लोकांच्या गरजांना अग्रस्थान दिले, १९९० साली केंद्राने संयुक्त वन व्यवस्थापनाची दिशा आखली आणि १६ मार्च १९९२ रोजी महाराष्ट्र शासनाने त्याचा निर्णय काढला. गावोगावी वन संरक्षण समित्या स्थापन झाल्या. ज्या गावाला शंभर वर्षांहून अधिक काळ चोर ठरवले होते, त्यालाच आता राखणदार म्हणून बोलावले गेले.

मग घडले काय? अनेक ठिकाणी निधी होता तोवर समिती होती. फलक रंगले, नोंदवह्या भरल्या, प्रशिक्षणे झाली, चहापान झाले. निधीची मुदत संपली आणि समितीचा अध्यक्ष कोण, हे अध्यक्षालाही आठवेना. याला केवळ सरकारी अनास्था म्हणून चालणार नाही. ज्या कामाची गरज गावाला वाटली नाही, ज्याचा निर्णय गावाने घेतला नाही आणि ज्याचे फळ गावाच्या ओंजळीत निश्चितपणे पडले नाही, ते काम परक्याच्या पैशावर उभे राहते आणि पैशाबरोबरच निघून जाते.

निधी कसा जातो याचे ताजे उदाहरण सर्वांच्या समोर आहे. यूएसएआयडीने २०१२पासून भारतात फॉरेस्ट-प्लस नावाचा कार्यक्रम चालवला. त्याचा दुसरा टप्पा २०१८ ते २०२३ या काळात बिहार, केरळ आणि तेलंगणात झाला. वनांतील पाणी, कर्बसाठा आणि लोकांची उपजीविका यांचा एकत्रित विचार करण्याचे प्रशिक्षण त्यात होते. आणि २०२५ साली वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटताच १९६१ साली स्थापन झालेली ती संस्थाच गुंडाळण्यात आली. जगभरचे किती प्रकल्प अर्ध्यावर थांबले! दात्याच्या घरचे राजकारण बदलले म्हणून याचकाच्या घरची चूल विझते. ज्या देशाला आणि ज्या गावाला आपले वन आपल्या बळावर राखायचे आहे, त्याने हा धडा विसरू नये.

बारीपाडा आणि मेंढा: उलटा प्रवास

याच १९९०च्या दशकात, याच महाराष्ट्रात, एका गावाने वेगळी वाट धरली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा हा कोकणा समाजाचा पाडा आहे. रान तुटलेले, विहिरी कोरड्या, माणसे रोजगारासाठी बाहेर. चैत्राम पवार हा शिकलेला तरुण नोकरीची वाट सोडून गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ त्याला मिळाली आणि गावाने आपल्या भोवतीचे सुमारे साडेचारशे हेक्टर रान राखायचे ठरवले. नियम गावाने केले, दंड गावाने ठरवला, पहारा गावाने दिला. पाळीपाळीने रोज घरची माणसे राखणीला जात. बाहेरच्या मोठ्या निधीची वाट कुणी पाहिली नाही. काही वर्षांत रान उभे राहिले, पाणी मुरले, शेती सुधारली. रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा २००४पासून तिथे भरू लागली आणि शहरातील माणसे रान कसे खावे हे शिकायला पाड्यावर येऊ लागली.

२००३ साली या बारीपाड्याच्या वन व्यवस्थापनाचा गौरव कुणी केला? संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने, बँकॉक येथे. येथे आंतरराष्ट्रीय संस्था कौशल्य शिकवायला आलेली नव्हती. उभ्या राहिलेल्या कौशल्यासमोर तिने मान लववली. पुढे २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. आधी काम, मग कीर्ती आणि त्यानंतर साहाय्य, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाची कथाही तशीच. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ग्रामसभेबरोबर अभ्यासगटाची पद्धत रुजवली. बाहेरचा जाणकार येतो, पण तो अभ्यासगटात बसतो, माहिती देतो, प्रश्नांना उत्तरे देतो. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने होतो. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. विचारसरणी भिन्न, जिल्हा भिन्न, समाज भिन्न; सूत्र मात्र एकच. तज्ज्ञ सल्ला देईल, निर्णय गाव घेईल.

शेजारच्या घरी

विदेशी साहाय्य फळाला येतच नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र नको. शेजारच्या नेपाळकडे पाहावे. १९७८पासून ऑस्ट्रेलियाच्या आणि त्यानंतर स्वित्झर्लंड आदी देशांच्या साहाय्याने तिथे डोंगराळ जिल्ह्यांत वनसंवर्धनाचे काम चालले. परंतु खरी कलाटणी मिळाली ती १९९३च्या वन कायद्याने. वन उपभोक्ता समूहांना वनाचा ताबा, उत्पन्न आणि नियम करण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. आज असे बावीस हजारांहून अधिक समूह तिथे आहेत. १९९२ साली नेपाळच्या सुमारे २६ टक्के भूमीवर वने होती. २०१६पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेल्याचे उपग्रहांच्या चित्रांवरून दिसले. गावे सोडून परदेशी गेलेल्या तरुणांमुळे शेते ओस पडली आणि तिथेही झाडी माजली, हेही त्याचे एक कारण आहे. ते मान्य करूनही मूळ गोष्ट उरतेच. विदेशी तज्ज्ञ आले, त्यांनी शिकवले, पण शिकलेल्याच्या हाती कायद्याने रानाची किल्ली आली, म्हणून विद्या टिकली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिकवणी झाली आणि किल्ली कचेरीतच राहिली.

आपल्या किनाऱ्यावरही असाच एक प्रयोग झाला आहे. २०१८ साली हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनारी समाजासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. महाराष्ट्रात जे किनारी जिल्हे त्यासाठी निवडले गेले त्यांत रायगड आहे. कांदळवन राखायचे आणि त्याच्या आधाराने खेकडे, कालवे, मासे यांच्या पालनातून कोळी बांधवांना चार पैसे मिळवून द्यायचे, ही कल्पना उत्तम आहे. महाराष्ट्राने २०१२ साली कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला आणि २०१७ साली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली, हेही कौतुकास्पद. पण कसोटी तीच. विदेशी अनुदान थांबेल त्या दिवशी खेकड्याचे बीज कोठून आणायचे, विकायचे कुठे आणि भराव टाकणाऱ्याला रोखायचे कुणी, हे खाडीकाठच्या गावाला स्वतःचे स्वतः ठरवता येईल काय?

जाणता माणूस भट्टीवर

आता पुन्हा माणगावच्या डोंगराकडे येऊ. या डोंगराचे सर्वांत मोठे ज्ञान कुणापाशी आहे? पहिल्या पावसात बाजारात शेवळे घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर भगिनींना विचारा. शेवळ कुठे उगवते, ते कोणत्या आठवड्यात खुडायचे, त्याची खाज मारायला सोबत काकडाचे फळ का घालायचे, हे त्यांना कुणा विद्यापीठाने शिकवलेले नाही. कोणते झाड केव्हा फुलते, मधाचे पोळे कोणत्या कड्याला लागते, भर उन्हाळ्यात ओल कुठे टिकते, हे कातकऱ्याच्या बोटांना ठाऊक असते. खैरापासून कात काढणारा म्हणून त्याचे नाव कातकरी पडले असे सांगतात. जंगल गेले, कात गेला, नाव तेवढे उरले.

आणि हा जाणता माणूस वणव्याच्या दिवसांत असतो कुठे? दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे बायको-मुलांसह वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघून जातात. आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथेच राबतात. म्हणजे ज्या चार-पाच महिन्यांत डोंगर जळतो, नेमक्या त्याच महिन्यांत डोंगर ओळखणारा माणूस डोंगरावर नसतो. वाडीत उरतात ती म्हातारी माणसे. हा केवळ रोजगाराचा प्रश्न नाही. वन व्यवस्थापनाच्या कौशल्याची इतकी मोठी गळती दुसरी नसेल. अशा वेळी तालुक्याच्या सभागृहात प्रशिक्षण ठेवले, तर हजेरीपट भरेल. डोंगराला त्याचा उपयोग काय?

शिवाय माणगाव-रोह्याच्या या पट्ट्यात इंग्रजी काळापासून दळी जमिनींचा प्रश्न आहे. जंगलातील तुकडे नाचणी-वरीसाठी गटागटाने कसायला दिले गेले, पण कसणारा मालक झाला नाही. ज्याला उद्याची खात्री नाही, तो वीस वर्षांनी मोठे होणारे झाड कशासाठी लावील? २००६च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक कसणुकीच्या हक्काबरोबरच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही दिला आहे. त्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. गडचिरोलीने या तरतुदीचा मोठ्या प्रमाणावर लाभ घेतला. कोकणात मात्र हा कायदा बहुधा स्वतःच्या तुकड्यापुरताच समजून घेतला गेला आणि सामूहिक हक्क मागेच राहिला. कातकरी समाज हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल जनजातींपैकी एक. त्याच्या वस्तीच्या हक्काची या कायद्यात वेगळी दखल आहे.

करायचे काय?

करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत आणि म्हणूनच त्या टाळता येणार नाहीत. पहिली, आपल्या गावालगतच्या वनावर सामूहिक हक्काचा दावा दाखल झाला आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या ग्रामसभेत विचारावे. झाला नसेल तर दाखल करण्यास साहाय्य करावे. अर्ज, नकाशा, जुने पुरावे आणि वडीलधाऱ्यांचे जबाब जुळवणे हे काम शिकलेल्या तरुणाचे आहे. वाडीवरचा माणूस त्यासाठी सुशिक्षितांच्या दारी येण्याची वाट पाहू नये; सुशिक्षितांनी वाडीवर जावे.

दुसरी, जाळरेषा थंडीतच काढल्या पाहिजेत. डोंगराच्या पायथ्याशी आणि वाटांच्या कडेने गवत कापून, पट्टे मोकळे करून ठेवले तर आग पसरत नाही. हे तंत्र वन खात्यापाशी आहे, मनुष्यबळ वाडीपाशी आहे. दिवाळीनंतर या कामाची आणि आगीवर पहारा ठेवण्याची मजुरी शासकीय योजनांतून किंवा गावाच्या स्वतःच्या निधीतून मिळाली, तर दहा कुटुंबांची भट्टीवरची वाट तरी थांबेल. वीटभट्टीची उचल आणि डोंगराचा वणवा या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. एक सुटली तर दुसरी सुटेल.

तिसरी, २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. कित्येक ठिकाणी ती कार्यालयात बसून भरली गेली. ती खरी करावी. शाळेतील मुलांनी वाडीवरच्या आजी-आजोबांसोबत रानात जावे, झाडांची नावे, झऱ्यांची ठिकाणे, फुलोऱ्याचे महिने लिहून घ्यावेत. ज्याच्यापाशी अक्षर आहे त्याने ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्या पायाशी बसावे, याहून मोठे प्रशिक्षण कोणत्या देशाचा निधी देणार आहे?

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आपली स्वतःची सवय. गवत चांगले येते म्हणून, शिकार सापडते म्हणून किंवा केवळ गंमत म्हणून काडी लावणारा हात परदेशातून येत नाही. तो आपल्यातलाच असतो आणि बहुधा गावाला माहीतही असतो. बारीपाड्याने दंड बसवला तो आपल्याच भावकीवर.

भारताच्या भूमीवर वने आणि वृक्ष मिळून सुमारे २५ टक्के आच्छादन असल्याचे २०२३च्या वनस्थिती अहवालात नोंदले आहे. वननीतीचे उद्दिष्ट एक तृतीयांश भूमीचे आहे. महाराष्ट्राचे वनाच्छादन तर साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. ही दरी भरून काढताना जगाकडून जे घेण्याजोगे आहे ते जरूर घ्यावे. उपग्रहाची माहिती घ्यावी, कर्बाच्या मोजणीचे गणित घ्यावे, नेपाळचा अनुभव घ्यावा. ज्ञानाला सीमा नसते. भूतानचे वनाधिकारी देहरादूनला शिकायला येतातच की! परंतु विद्या पाहुणी म्हणून आली तर निघून जाते आणि सून म्हणून आली तर घराची होते. तिला घराची करण्याचे काम घरच्यांचेच आहे.

चिरनेरच्या डोंगरावर नाग्या कातकऱ्याने प्राण दिला तो डोंगर आपला आहे हे सांगण्यासाठी. आज त्याच्या रक्ताची माणसे वणव्याच्या दिवसांत कुणाच्या तरी भट्टीत लाकडे सारत आहेत आणि त्यांचा डोंगर मागे जळतो आहे. येत्या फाल्गुनात माणगावच्या डोंगरावर पुन्हा ती तांबडी रेघ दिसेल. इशारा वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर वेळेवर पोहोचेल यात शंका नाही. त्या रात्री त्याच्या मागोमाग डोंगर चढणारी चार माणसे गावातून निघतील काय, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर वॉशिंग्टनला नाही, टोकियोला नाही, दिल्लीलाही नाही. ते या सभागृहातून घरी जाणाऱ्यांनी द्यायचे आहे.